निषिद्ध प्रेमाचा साल्सा: गाणी झकास, पण कात्री कुणाच्या हातात दिली?

पाचपैकी साडेतीन तारे देतेय. त्यातले तीन गायक-वादकांचे आणि अर्धा यादी लावणाऱ्याचा. उरलेले दीड का गेले, ते सांगायलाच लिहायला बसले.

ज्या म्युझिक अ‍ॅपचे मी नेमाने पैसे भरते, त्यावर साल्साच्या, म्हणजे लॅटिन अमेरिकी नाचाच्या गाण्यांच्या, तयार प्लेलिस्ट ढिगाने आहेत. नाचायचा साल्सा, जुना न्यूयॉर्कचा साल्सा, कोलंबियातल्या काली शहराचा साल्सा. त्यातली एक फक्त निषिद्ध प्रेमाची. म्हणजे तिचं लग्न झालंय, त्याचंही झालंय, घरच्यांना कळलं तर खैर नाही, भेटायचं तर चोरून, असा सगळा मामला. साल्सा रोमांतिका, म्हणजे हळव्या प्रेमगीतांचा साल्सा, या प्रकारात हा विषय इतका मुरलाय की त्याची वेगळी यादी कशाला, असं वाटेल. पण हवी. या प्रकारातली जवळजवळ सगळीच गाणी कुणासाठी तरी कण्हत असतात. त्यातून 'हे प्रेम करायची आपल्याला मुभा नाही' असं खरोखर म्हणणारी वेचून काढणं हे कानाचं काम आहे. ते इथे अर्धवट झालंय.

मी साउंड एडिटिंग करते. दिवसभर लोकांचे श्वास, खोकले, अडखळणं कापत बसायचं, हे पोटापाण्याचं काम. त्यामुळे गाणं कुठे कापलंय ते स्क्रीन न बघता कळतं, आणि वाईट कापलं असेल तर दाताखाली खडा आल्यासारखं होतं. लहानपणी थोडा तबला झाला, तो सुटला, मात्रा मोजायची खोड राहिली. स्पॅनिश या गाण्यांच्याच नादाने शिकले. इतकी ओळख पुरे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकन, क्युबन आणि आणखी कुठकुठच्या वादकांनी जो साल्सा उभा केला, तो रस्त्यावरचा होता. 1964 मध्ये निघालेली फानिया ही रेकॉर्ड कंपनी त्याचं मोठं घर. करकरीत ट्रोंबोन, गल्लीतली मारामारी, परक्या शहरातलं उपरेपण. प्रेमही होतं, पण अनेक विषयांपैकी एक. दशक संपता संपता फानियाला ओहोटी लागली आणि मेरेंगे या डोमिनिकन नाचाच्या संगीताने रेडिओवर आणि नाचाच्या हॉलमध्ये हातपाय पसरले. त्याच सुमाराला, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, व्हायब्राफोन वाजवणारा अरेंजर (गाण्यात कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल ते ठरवणारा) लुई रामिरेझ याने रे दे ला पाझ वगैरे गायकांना घेऊन 'नोचे कालिएन्ते' हा अल्बम केला. लोकांच्या ओठांवर असलेल्या बालाडा, म्हणजे संथ प्रेमगीतं, उचलायच्या आणि साल्साच्या ठेक्यावर बसवायच्या, एवढीच युक्ती. ती चालली, आणि साल्सा रोमांतिका सुरू झाला. मग पोर्तो रिकोच्या बाजूने फ्रँकी रुईझ, एडी सांतियागो, लालो रोद्रिगेझ अशी रांग लागली. जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली. 'साल्सा मोंगा' म्हणाले, म्हणजे गळपटलेला साल्सा. ट्रोंबोन मवाळ झाले हे खरंच आहे. पण बंद दाराआडचं बोलणं एवढ्या प्रमाणावर गाण्यात आलं ते तेव्हाच, आणि मला तो सौदा वाईट वाटत नाही.

आता मुद्द्याचं. चोरट्या प्रेमाची गाणी बोलेरोत, म्हणजे संथ लॅटिन प्रेमगीतांत, हवी तेवढी आहेत. पण बोलेरो एका माणसाने एका माणसाला ऐकवायचा असतो. साल्साचं तसं नाही. साल्साच्या गाण्याचे सरळसरळ दोन भाग पडतात. पहिल्या भागात गायक गोष्ट सांगतो. कडवी असतात, आवाज खालचा, पियानो जपून. मग मध्यावर कुठेतरी वळण येतं आणि मोन्तुनो सुरू होतो. कोरो, म्हणजे मागे साथ गाणारे, एकच ओळ धरतो आणि तीच तीच म्हणत राहतो, मधल्या जागांत गायक आयत्या वेळी सुचेल ते सोडत जातो. बोंगोवाला बोंगो बाजूला ठेवून हातात घंटा घेतो आणि ती ठणाणा वाजवायला लागतो. म्हणजे बघा काय होतं. ज्याचा बभ्रा होऊ नये म्हणून पहिली दोन मिनिटं माणूस कुजबुजत होता, तेच आता तीन-चार जण टिपेला जाऊन सांगतायत, मागे अख्खा ब्रास, म्हणजे तुताऱ्या-ट्रोंबोनचा ताफा, आणि समोर हॉलभर जोड्या त्यावर नाचतायत. त्या जोड्यांमधले कितीतरी एकमेकांना ओळखतही नाहीत. साल्साच्या नाचाच्या रात्री गाणं बदललं की जोडीदार बदलतो, आणि तेवढ्या चार-पाच मिनिटांत परक्या माणसाच्या इतक्या जवळ जाण्याला कुणाची हरकत नसते. गुपित फोडायची इतकी चोख व्यवस्था मला दुसऱ्या कुठल्या संगीतात सापडलेली नाही. म्हणून माझ्या लेखी असलं गाणं तरतं की बुडतं ते मोन्तुनोत. कडवी काय, कुणीही लिहील.

यात बासचाही हात आहे. चार मात्रांचा हिशेब धरला तर साल्साचा बास बहुतेक वेळा पहिल्या मात्रेवर येतच नाही. दुसरी संपता संपता अर्ध्यावर एक सूर, चौथीवर दुसरा, आणि तो दुसरा पुढच्या मापाचा स्वर आधीच घेऊन येतो. पहिली मात्रा उघडी पडते. समेची वाट बघायची सवय असलेल्या माझ्यासारखीला सुरुवातीला हे फार छळायचं. आता वाटतं, या गाण्यांतली माणसं जी सतत वेळेआधी येऊन उभी असतात आणि खुर्चीवर टेकत नाहीत, त्यांना हाच बास हवा.

यादीत पहिलं गाणं 'विविर लो नुएस्त्रो'. तेच पहिलं असायला हवं, इथे यादी लावणाऱ्याला अर्धा तारा. ला इंदिया आणि मार्क अँथनी यांचं द्वंद्वगीत. लिहिलंय रूडी पेरेझने, प्रॉडक्शन सर्जिओ जॉर्जचं. राल्फ मर्काडोच्या आरएमएम कंपनीने 1993 मध्ये आपल्याकडचे गायक एकत्र आणून 'कोंबिनासियोन पेर्फेक्ता' नावाचा अल्बम काढला, त्यातलं हे. पुढे इंदियाच्या 1994 च्या 'दिसेन के सोय' या अल्बममध्येही आलं. दोघंही न्यूयॉर्कमध्ये वाढलेली पोर्तो रिकन मुलं, दोघांनीही सुरुवात इंग्रजी क्लब म्युझिकमध्ये केलेली, साल्साकडे नंतर वळलेली. त्यामुळे आवाजात एक शहरी धार आहे, जुन्या सोनेरोंचा, म्हणजे आयत्या वेळी ओळी रचणाऱ्या साल्सा गायकांचा, खर्ज नाही.

गाण्यात ती दोघं काय म्हणतात? आपल्यासाठी एक बाग लावू, ताऱ्यांजवळ कुठेतरी एक किल्ला शोधू, इतक्या लांब उडून जाऊ की मध्ये पडणारं कुणी नसेल. बस. आड कोण येतंय, का येतंय, याचा पत्ता लागत नाही. नवरा आहे का, बाप आहे का, पैसा आहे का? काही कळत नाही, आणि गाण्याचं सगळं बळ त्यातच आहे. ऐकणारा आपल्या घरातलं माणूस तिथे आणून उभं करतो. शिवाय दोघं आळीपाळीने ओळी घेतात, त्यामुळे यात कुणी फसवणारा आणि कुणी फसलेली असं राहत नाही. दोघं सारखीच गुन्हेगार. मोन्तुनोत तर ती एकमेकांच्या वाक्यांवर चढायला लागतात. इंदियाचा आवाज वर, आणखी वर, कानाला टोचेल इतका वर जातो आणि मार्क त्याच्या खालून सूर धरतो. पहिल्या भागात जे नुसतं स्वप्नरंजन होतं, त्याला इथे जिद्दीचा वास यायला लागतो.

आणि नेमकी इथेच कात्री. यादीत टाकलेली प्रत छाटलेली आहे. माझ्याकडे अल्बमची सीडी आहे, त्यातलं गाणं आणि हे समोरासमोर लावून ऐकलं. मोन्तुनो रंगात येतोय, घंटा सुरू आहे, ब्रासने एक झेप घेतलीय आणि आवाज हळूहळू खाली. फेड-आउट. वरून अ‍ॅपचा क्रॉसफेड, म्हणजे इंदिया अजून ताऱ्यांच्या वाटेवर असतानाच पुढच्या गाण्याचा पियानो तिच्या अंगावर येतो.

त्या दिवशी स्पीकरवर लावलं होतं. शेजारच्या खोलीतून नवरा ओरडला, "अगं, ही दोघं भांडतायत का?"

"नाही रे, पळून चाललीयत."

"मग गेली कुठे मध्येच?"

ज्याला साल्सातला 'सा' माहीत नाही त्यालाही कळलं, पण हे ज्यांचं काम त्यांना नाही.

दुसरं गाणं ग्रुपो निचेचं 'ऊना आव्हेंतुरा', 1990 च्या 'सिएलो दे ताम्बोरेस' अल्बममधलं. ग्रुपो निचे म्हणजे हायरो वारेला याचा वाद्यमेळ, कालीची शान. या गाण्यात निषिद्ध असल्याची खंत औषधालाही नाही. धोक्याचा वास असला की लफड्याची गंमत वाढते, घड्याळाकडे बघायचं नाही, दोघांनीच सटकायचं, असा सरळ प्रस्ताव. इतक्या गोडीगुलाबीने मांडलाय की आपण मान डोलावत असतो आणि मग लक्षात येतं, अरे, घरी कुणीतरी वाट बघत असेल की याची. हे गाणं पूर्ण आहे, नशीब. कालीचा साल्सा नाचायला अवघड, पाय फार चपळ लागतात. पण हे गाणं त्या मानाने निवांत आहे, नवख्यांनाही झेपतं.

इथे रुबेन ब्लेडस या साल्सा गायकाच्या 'देसिसियोनेस'ची आठवण आली, 1984 च्या 'बुस्कांदो आमेरिका'मधलं. ते या यादीत नाही आणि रोमांतिकात मोडतही नाही. पण त्यातही शेजाऱ्यांमधलं एक लफडं आहे, आणि त्याचा शेवट कसा होतो? नवरा परदेशी बनावटीची बेसबॉलची बॅट घेऊन उभा. जुना साल्सा चोरट्या प्रेमाकडे असा गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बघायचा, हसत, थोडा तिखटपणे. रोमांतिकाने कॅमेरा खोलीच्या आत नेला. बॅटवाला नवरा तेव्हापासून गाण्यांतून जवळजवळ गायबच झाला. मला दोन्ही आवडतात, आणि यादीत दोन्ही शेजारी शेजारी असती तर ऐकणाऱ्याला हा फरक आपोआप कळला असता. इतका विचार कुणी केलेला दिसत नाही.

मग भरताड सुरू होते. लालो रोद्रिगेझचं 'वेन, देव्होरामे ओत्रा वेस' घ्या. 1988 चं, तुफान गाजलेलं, उघडउघड शय्येवरचं. गायक म्हणून लालोबद्दल शंकाच नाही. सोळाव्या वर्षी हा पोरगा पियानोवादक एडी पालमिएरीच्या 'द सन ऑफ लॅटिन म्युझिक'वर गायला होता, आणि लॅटिन संगीताला पहिलं ग्रॅमी मिळालं ते त्याच अल्बमला, 1976 मध्ये. पण या गाण्यात निषिद्ध काय आहे? एका माणसाला एका बाईची भयंकर आठवण येतेय, शरीरासकट. नाव 'साल्सा एरोतिका' लावा आणि वेगळ्या यादीत ठेवा. धिटाई आणि मनाई यांत फरक असतो की नाही?

फ्रँकी रुईझचं 'तू कोन एल' तसंच. 1985 च्या त्याच्या पहिल्या एकट्याच्या अल्बममधलं, मुळात उरुग्वेच्या लोस इराकुंदोस या बँडचं. ती आता दुसऱ्याची झालीय आणि याच्या काळजाचं पाणी. हा विरह झाला, मनाई नाही. तरी हे गाणं मी वगळणार नाही, कारण फ्रँकीचा आवाज. थोडा नाकातला, कुठेही जोर न लावता तालाच्या किंचित मागे रेंगाळणारा. शब्द क्लावेच्या, म्हणजे साल्साच्या मूळ ठेक्याच्या, पाच ठोक्यांमध्ये असा टाकतो की ठोका आधी की शब्द आधी, कळू नये. 1998 मध्ये, अवघ्या चाळिशीत गेला. रोमांतिकाला 'मोंगा' म्हणणाऱ्यांना मी आधी फ्रँकी ऐकवते. सहसा त्यानंतर वाद होत नाही.

जेरी रिवेराचं 'आमोरेस कोमो एल नुएस्त्रो' हेही भरतीलाच आहे. 1992 चं, 'कुएन्ता कोन्मिगो' अल्बममधलं. जेरी तेव्हा विशीच्याही आत. त्याची सुरुवातीची तुतारी ऐकली की ज्यांनी आयुष्यात साल्सा ऐकला नाही तेही माना वर करतात, कारण 2006 मध्ये शकीराच्या 'हिप्स डोन्ट लाय'मध्ये तीच वापरलीय. गाण्यात रोमिओ-ज्युलिएटचं नाव येतं, बहुधा त्यावरूनच ते या यादीत घुसलं. पण गाणं त्या दोघांना चिरंतन प्रेमाचा नमुना म्हणून घेतं. घराण्यांचं वैर, विष, थडगं, कशाचाही मागमूस नाही. आपल्यासारखी प्रेमं आता उरली नाहीत हो, असा गोड उसासा. लग्नात लावायचं गाणं आहे हे.

नाव बघून भरती केल्याचा उघड पुरावा पुढे आहे: गायिका सेलेनाचं 'आमोर प्रोहिबिदो', 1994 चं. थोर गाणं, नावातच निषिद्ध प्रेम, आणि कारणही स्वच्छ सांगितलेलं: दोघं वेगवेगळ्या थरातली आहेत म्हणून लोक कुजबुजतात. पण ते साल्सा नाही हो! ती टेक्ससकडची तेहानो कुंबिया. क्लावे नाही, मोन्तुनो नाही. त्याच्या पाठोपाठ आव्हेंतुरा या बँडचं 'ओब्सेसियोन', ती बचाता, डोमिनिकन गिटारवाली. नाचता नाचता मध्येच हे लागलं तर पायांचं काय करायचं? ऐकायला बसलेल्याला चालेल एक वेळ, पण यादीच्या वर्णनात 'नाचण्यासाठी' असं लिहिलंय.

बायकांचे आवाज यादीत इतके कमी का, हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या गाण्यालाच पडतो. दोष अर्धा यादीचा, अर्धा त्या काळाचा. रोमांतिकाचे तारे बहुतेक पुरुषच. त्यामुळे लपून भेटणारा तो, झुरणारा तो, माफी मागणारा तो. जिच्यामुळे हे सगळं निषिद्ध आहे ती घरातली बाई गाण्यात फक्त एक अडचण म्हणून असते. इंदियाचं 'एसे ओम्ब्रे' यादीत आहे आणि ते या सगळ्यांना पुरून उरतं. मूळ गाणं स्पेनच्या रोसिओ हुरादोचं, मानुएल आलेहान्द्रोने लिहिलेलं. इंदियाने ते 'दिसेन के सोय'मध्ये साल्सात आणलं. तो जो देखणा, रुबाबदार माणूस तुम्हाला दिसतोय ना, त्याची लायकी मला विचारा, असं म्हणत ती त्याची सालं काढत जाते. काटेकोर बघाल तर हेही निषिद्ध प्रेमाचं गाणं नाही. पण 'ऊना आव्हेंतुरा'नंतर लगेच ऐका. दोन तासांच्या यादीत ज्याची कुणी दखल घेतली नाही ते बिल इंदिया एका गाण्यात फाडून हातात देते.

आणि जे गाणं असायलाच हवं होतं ते नाही. विली कोलोनचं 'एल ग्रान बारोन', 1989 चं. लिहिणारा पनामाचा ओमार अल्फान्नो. वरचं 'आमोरेस कोमो एल नुएस्त्रो'ही त्याचंच. एकाच माणसाच्या लेखणीतून एक लग्नातलं गाणं आणि एक हे. 1956 च्या उन्हाळ्यात सिमोनचा जन्म होतो. बाप अभिमानाने फुगलेला, मुलगा मर्द निघाला पाहिजे. सिमोन मोठा होतो, परदेशी जातो, चाल बदलते, स्कर्ट, लिपस्टिक, भलीमोठी पर्स. एक दिवस बाप न कळवता भेटायला जातो. वाटेत समोरून येणारी एक बाई म्हणते, काय बाबा, कसे आहात? ओळखलं नाही? मी सिमोन, तुमचा मुलगा. विली ती ओळ अजिबात रंगवून म्हणत नाही, चालता चालता बोलल्यासारखी टाकतो, आणि मला दर वेळी तिथे काम थांबवावं लागतं. पुढे बाप तोंड फिरवतो. 1986 च्या उन्हाळ्यात इस्पितळात दहा नंबरच्या खाटेवर सिमोन एका विचित्र आजाराने मरतो आणि रडायला कुणी नसतं. एड्स हा शब्द गाण्यात नाही, गरजही नाही.

कुणी म्हणेल, यात प्रियकर कुठे आहे? नाहीच. सिमोन कुणावर प्रेम करत होता ते गाण्याला सांगावंसंही वाटत नाही, इतकी ती गोष्ट हद्दीबाहेरची. बाकीच्या गाण्यांत मनाई म्हणजे फोडणीतली मिरची. इथे तिची किंमत मोजलेली दिसते. कोरोची ओळ मात्र आज खटकते: वाकडं उगवलेलं झाड सरळ होत नाही, निसर्गाला सुधारता येत नाही. लेखकाचा कल सिमोनच्या बाजूने आहे हे कळतं, पण 'वाकडं' म्हणून बसलाच शेवटी. 1989 मध्ये रेडिओवर एवढं म्हणणंही कमी नव्हतं. आणि हॉलमधले लोक या गाण्यावरही नाचतात, आजही. मोन्तुनोबद्दल मी वर जे म्हटलं त्याचा याहून मोठा दाखला नाही.

शेवटी लुईस एन्रिकेचं 'यो नो से मान्याना', 2009 चं. उद्याचं आपल्याला माहीत नाही, आज इथे आहोत तेवढं खरं. निषिद्धपणाचा पत्ता नसलेलं, दोन समजूतदार मोठ्या माणसांचं गाणं. लॅटिन ग्रॅमी मिळालेलं, बांधणीला एकदम नेटकं. मला ते आवडतं. पण या यादीच्या शेवटी ते का, याचं उत्तर मला सापडलं नाही. लोकप्रिय आहे म्हणून असणार.

आता अ‍ॅपबद्दल, कारण पैसे त्याचे भरतो. आवाजाचा दर्जा उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. कोंगाच्या कातड्यावर पडलेला तळवा आणि पडलेलं बोट वेगळं ऐकू येतं. गाण्याचे बोल स्क्रीनवर येतात, पण फक्त कडव्यांचे आणि कोरोचे. कोरोच्या मधल्या जागांत गायक जे उत्स्फूर्त म्हणतो, ते सोनेओ, त्यांच्या जागी तीन टिंबं. म्हणजे गाण्यातलं जे सगळ्यात जिवंत ते टिंबांत! श्रेयनामावलीत गायक आणि कंपनी दिसते, क्वचित गीतकार. अरेंजरचं नाव कुठेच नाही. साल्सात अरेंजर म्हणजे अर्धं गाणं. 'विविर लो नुएस्त्रो'मधून सर्जिओ जॉर्ज काढा आणि मग सांगा काय उरतं. तक्रार पाठवली होती. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं उत्तर आलं आणि यादी जशीच्या तशी.

घ्यावी का? साल्सा अजिबात ऐकला नसेल तर जरूर, सुरुवातीची अर्धी तर डोळे मिटून. शिकवणीत नाचायला लावणार असाल तर कुंबिया आणि बचाता आधी काढून टाका, नाहीतर विद्यार्थी गोंधळतील. मुरलेल्या ऐकणाऱ्यांनी यादी कॉपी करून आपली आपण लावावी. मी तेच केलंय. 'देसिसियोनेस'ने सुरुवात, मग 'ऊना आव्हेंतुरा', त्याला लगेच 'एसे ओम्ब्रे', मध्ये फ्रँकी, मग 'विविर लो नुएस्त्रो'ची अल्बमवाली पूर्ण प्रत (अ‍ॅपवर ती आहे, इंदियाच्या पानावर जाऊन शोधावी लागते), आणि 'एल ग्रान बारोन' सगळ्यात शेवटी, कारण त्याच्यामागून दुसरं काही लावायचा मला धीर होत नाही. शफल बंद. क्रॉसफेडही बंद, तो सेटिंगमध्ये प्लेबॅकच्या खाली लपवलाय, शून्यावर आणून ठेवा.